शारजाची बाई

सदाशिवरावांनी पिशवीतून डबा काढून समोरच्या अर्धवट शिवलेल्या गादीवर ठेवला तेव्हा आरिफा दाभणात दोरा ओवत होती. डबा हिरवट-काळा पडलेला, एका अंगानं चेपलेला, बुडाशी शिंपल्यांचे पांढरे खवले घट्ट चिकटलेले. ‘पाय बरं हे, आरिफा,’ ते म्हणाले. नेरहून पहिल्या एस.टी.नं आले होते, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसत होते, आणि त्यांच्यामागं दुकानाच्या पायरीवर उन्हानं रापलेला एक उंच परका तरुण चपला काढाव्यात की नाही या विचारात उभा होता. आरिफानं डबा हातात घेतला नाही. नुसतं बोट पुढं झालं, मनात काही येण्याआधीच, आणि काठाखाली जिथं जायला हवं होतं तिथंच गेलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. मुख्तार-आरिफा यांस सदाशिवराव, नेर यांचेकडून सप्रेम भेट. कोरणाऱ्यानं आधी ‘आरिपा’ कोरलं होतं आणि मग ‘प’ला एक शेपूट जोडून दिलं होतं. लग्नात त्यावरून सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. ते शेपूट बोटाला लागलं. दाभण मांडीवरून फरशीवर पडलं, आणि त्याचा बारीकसा आवाज तिला इतका मोठा ऐकू आला की तिनं दचकून रस्त्याकडं पाहिलं. यवतमाळच्या कळंब चौकात रोजच्यासारख्या रिक्षा होत्या. एक बाई भाजीवाल्याशी भांडत होती. कुणालाच काही झालेलं नव्हतं.

‘पेपरवाले का तुमी?’ आतून अंगावरचा कापूस झाडत आलेल्या तिच्या मुलानं, तारिकनं, त्या तरुणाला विचारलं. त्या वर्षी मुंबईकडचा कुणीही माणूस यवतमाळात उतरला की तो जीव दिलेल्या कुणा शेतकऱ्याच्या घरचं रडणं टिपायलाच आलेला असायचा. कापूस बाजारात गाड्यांची रांग रस्त्यावर आली होती, बैल उभे राहून राहून बसले होते, आणि टीव्हीवाले गावोगाव माणसं धुंडाळत फिरत होते. ‘शेतकऱ्याचं घर पाह्यजे असंल तं इथं नाही भेटत. आमी पिंजारी. गाद्या शिवतो.’

‘पेपरवाला नाही,’ तरुण म्हणाला. ‘माझं नाव आयुष. मी पाणबुड्या आहे. समुद्राच्या तळाशी काम करतो.’

तारिक हसला. यवतमाळच्या कापसाच्या दुकानात समुद्राच्या तळाचा माणूस, म्हणून हसला. सदाशिवराव म्हणाले, ‘हासू नोको, बाबू. खाली बस. हा डबा तुह्या बापाचा हाय.’

बाप हा शब्द त्या दुकानात कुणी काढत नसे. तारिक पोटात असताना मुख्तार परदेशी निघून गेला होता, आणि आता तारिकच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. इतक्या वर्षांत आरिफानं त्याचा उल्लेख केला तो ‘तो माणूस’ असा, आणि सासूपाशी ‘तुमचा ल्योक’ असा. तारिक त्याहून पुढं गेला होता, तो उल्लेखच करत नसे. आता तो हळूच खाली बसला, गादीच्या कडेवर, डब्यापासून शक्य तितका लांब, जणू डबा चटका देईल. ‘पण तो तं शारजाले आहे,’ तो म्हणाला. मग तो आईकडं वळला. ‘शारजाले आहे ना, अम्मी?’

आयुष बोलायला लागला. आवाज हलका ठेवून, शब्द निवडत, जसं आजारी माणसापाशी बोलतात. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी गाळ काढायचा होता, मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून. त्याआधी तळ तपासायचा. वरून यंत्रानं पाहिलं तर तळाशी काहीतरी लांबट दिसलं, माशाचा काटा पडावा तसं. खडक असेल म्हणून तो आणि त्याचा जोडीदार खाली उतरले. ‘तिथलं पाणी गढूळ असतं, काकू. दिवा असून स्वतःचा हात दिसत नाही. सगळं चाचपून बघायचं. माझ्या हाताला लाकूड लागलं. एक फासळी, मग तिच्या शेजारी दुसरी. आम्ही दोघं दोन बाजूंनी चाचपत गेलो आणि टोकाला एकमेकांच्या हातांवर हात आपटले, तेव्हा कळलं की हे गलबत आहे. डोलकाठी मोडून आडवी पडलेली. इंजिनाचा पत्ता नाही. नुसतं शिडावर चालणारं.’ किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या कोळ्यांना विचारलं तर ते म्हणाले, इथं कधी काही बुडालंच नाही. बंदरात विचारलं, पोलिसांत विचारलं. अमुक गलबत आलं नाही असं सांगायला कुणी आलंच नव्हतं कधी. ते कुणाच्या आठवणीत नव्हतं.

गलबत. आरिफाला तो शब्द नीटसा लागला नाही. मुख्तार ‘बोट’ म्हणाला होता. मोठी बोट, आरिफा, खाली खोल्या, वर पंखे. पिंजायचं यंत्र गावात आलं होतं त्या साली, आणि सासऱ्याची तांत, कापूस पिंजायची धनुकली, आढ्याला टांगून पडली होती. दिवसभर तिच्यावर कापसाचा बारीक भुगा बसत राहायचा. मुख्तारला घरात बसवत नव्हतं. मुंबईला एक माणूस भेटला होता, तो म्हणे कागदाबिगदाशिवाय दुबईला पोचवतो, तिकडं हाताला काम आहे, आणि हात तर आपल्याला आहेत. ईद होऊन गेल्यावर तो निघाला. तिनं रात्रीच गुळाच्या टिकिया तळल्या होत्या, त्या या डब्यात भरल्या. कडी लावताना झाकण नेहमीसारखं अडलं, तेव्हा त्यानं तळहातानं धपकन मारून बसवलं आणि म्हणाला, ‘तुह्या पोटातल्याले सांगजो, बाप बोटीत बसून गेला.’ एवढंच. पुढचं वाक्य नाही, मागचं नाही. एस.टी. धामणगावकडं वळली तेव्हा त्यानं हात बाहेर काढला होता की नाही हे तिला कधीच ठरवता आलेलं नाही. काही वर्षं ती काढला होता असं धरून चालली, आणि जमीर येऊन गेल्यापासून काढला नव्हता असं.

जमीर वणीचा, ट्रकवाला, नात्यातलाच. तोही दुबईकडं, शारजाला जाऊन आला, विमानानं, रीतसर. तो यायची सगळं घर वाट बघत होतं. तो आला, अत्तराच्या बाटल्या वाटल्या, आणि म्हणाला, ‘मुख्तारभाई दिसला मले. बाजारात. संगं बाई होती.’ तिथून पुढं आरिफाला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्या बाईला तिनंच पाहिलं, रोज थोडी थोडी. आधी तिचे हात दिसले, भरल्या मनगटांचे, सोन्याच्या बांगड्यांचे. मग पाय. मग पुष्कळ दिवसांनी चेहरा, थोडा लांबट, डाव्या गालावर तीळ. मल्याळी असावी असं आरिफाला वाटे, का ते ठाऊक नाही. तिला थंडगार खोली होती, फरशी पुसायला माणूस होता, आणि दोन मुली, शाळेच्या निळ्या कपड्यांतल्या. तारिकला ताप आला की आरिफा त्या मुलींना ताप येऊ द्यायची. दिवाळीआधी गाद्या-रजया भरण्याची घाई उठली, बोटांना भेगा पडल्या, की ती त्या बाईच्या बोटांकडं बघायची. ‘तुले काय, तू बस,’ ती मनात म्हणायची. कधी कधी तोंडानंही. फोमच्या गाद्या आल्या, गिऱ्हाईक तुटलं, त्या वर्षी तर ती तिच्याशी जवळजवळ सल्लामसलत करायची: दुकान ठेवावं की नाही, तूच सांग, तुह्या नवऱ्यानं तं आमाले सांगायले ठेवलं नाही. मोहल्ल्यात दुसरं लग्न लावून द्यायच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तिनं उडवून लावल्या. लोक म्हणाले, नवऱ्यावर जीव आहे. जीव नव्हता. त्या बाईपुढं हरायचं नव्हतं.

आणि आता हा पोरगा सांगत होता की मुख्तार कुठं पोचलाच नव्हता. निघाला त्याच आठवड्यात कधीतरी, देशाचा किनारा दिसत असतानाच, तो गेला होता. म्हणजे जमीरनं पाहिला तो कोण? तिनं ते वाक्य आठवून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा मधला तुकडा तिच्या हाती आला. जमीर म्हणाला होता, ‘पाठमोरा होता, पण चाल तीच.’ पाठमोरा. हा शब्द तेव्हाही होता. सगळ्यांनी ऐकला होता. घरात तो शब्द कुणाला नको होता, म्हणून तो तिथंच अत्तराच्या बाटल्यांमध्ये पडून राहिला. सासूला जिवंत मुलगा हवा होता, आणि आपल्याला... आपल्याला काय हवं होतं?

नुजहत, तारिकची बायको, चहा घेऊन आली आणि सगळ्यांचे चेहरे पाहून ट्रे हातातच धरून उभी राहिली.

‘पण त्याले पोहता येत होतं,’ आरिफा म्हणाली. एकदम, मोठ्यानं, जणू एवढ्या एका गोष्टीवर सगळं खोटं ठरणार होतं. ‘काकाजी, तुमाले मालूम आहे. तुमच्याच विहिरीत शिकला तो.’

‘हो,’ सदाशिवराव म्हणाले. त्यांच्या घरच्या रजया मुख्तारचा बाप दरसाल नेरला जाऊन पिंजायचा, आणि तो पिंजत असताना पोरगं दिवसभर मळ्यातल्या विहिरीत पडलेलं असायचं. ‘वरून उडी मारे. बुडी मारून तळाची माती आणून दाखवे मले.’

‘मंग? किनारा दिसत होता म्हणता तुमी. मंग वर काहून नाही आला?’

आयुषनं सदाशिवरावांकडं पाहिलं. ते पाहणं अगदी क्षणाचं होतं, पण आरिफा माणसांच्या नजरा ओळखण्यात म्हातारी झाली होती. हे दोघं एस.टी.त काहीतरी ठरवून आले होते. ‘वादळ असेल,’ आयुष म्हणाला. ‘रात्र असेल. अशा वेळी...’

‘काकाजी.’

‘जाऊ दे ना, आरिफा. आता कायले...’

‘मले सांगा. मी इतके वर्ष त्याले शिव्या देल्ल्या. मले सांगा.’

आयुष आपल्या तळहातांकडं बघत राहिला. ते हात तिला तेव्हा दिसले, पाण्यानं कातडी जाड झालेले, नखांशी चिरा पडलेले. हेच हात तिथं चाचपत फिरले होते. ‘गलबताच्या पोटात उतरायला वरून एक दार असतं, काकू,’ तो म्हणाला. ‘फळ्यांचं. अशा चोरट्या गलबतांत माणसं खालीच ठेवायचे. पहाऱ्याची बोट आली तर कुणी वर दिसू नये, म्हणून. आम्हाला ते दार सापडलं. उघडेना. मला वाटलं गाळानं बसलंय. गाळ काढला आणि मग हाताला लागली. लोखंड सडून नुसता गोळा झाला होता, पण अडकवलेलीच होती.’ त्यानं हात मिटले. ‘वरून कडी होती. आतली माणसं... ती सगळी त्या दाराखालीच होती. एका जागी.’

नुजहतनं ट्रे फरशीवर ठेवला. तारिक उठला, भिंतीशी गेला, परत आला, पुन्हा बसला. आरिफा हलली नाही. तिला फक्त एवढं जाणवलं की दुकानातला कापूस सगळीकडून जवळ येतोय. ढिगारे तसेच होते, पण नाकाशी, तोंडाशी तो कोरडा, उबट वास दाटला, आणि ती पिंजायच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात चहा, लग्नाला महिनाही न झालेली. वाऱ्यानं कापूस उडू नये म्हणून सासरा त्या खोलीला बाहेरून कडी घालायला लावायचा. आत मुख्तार, तांतेचा तुंग तुंग आवाज, मग आवाज थांबायचा आणि दारावर थाप पडायची. ‘उघड वो, जीव चालला.’ ती मुद्दाम थांबायची. कडीवर हात ठेवून, ओठ दाबून हसत. ‘उघड ना, आरिफा.’ आणखी एक थाप. मग ती उघडायची, आणि तो पापण्यांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा, तोंड उघडून हवा घ्यायचा, आणि सगळ्यात आधी तिच्या हातातला चहा घ्यायचा. किती वेळ थांबायची ती? दोन श्वास? चार? तिथं थाप मारणारे हात किती होते? त्यानं कुणाचं नाव घेतलं असेल? वर कडीशी जो होता, त्याला ते नाव ऐकू गेलं असेल का, की वारा होता? पाणी आधी पायाला लागलं असेल. टिकियांचा डबा त्यानं तेव्हा कुठं ठेवला असेल? हा प्रश्न इतका मूर्ख होता की तो आल्यावर तिला वाटलं आता आपल्याला हसू फुटणार, आणि ती घाबरली.

‘डबा कुठं होता?’ तिनं तरीही विचारलं.

‘एकाच्या छातीपाशी,’ आयुष म्हणाला. ‘गाळात राहिला म्हणून टिकला. बाकीचं सगळं सामान पोत्यात भरून पोलिसांच्या खोलीत पडलंय. यावर नाव होतं, म्हणून मी मागून घेतला. नेर नावाची गावं दोन-तीन निघाली. सगळीकडं जाऊन आलो.’ मग घाईनं, जणू हे सांगायचं राहू नये, ‘माती दिलीय त्यांना. तिथल्या जमातीनं. नमाज पढून, सगळं रीतीनं. कोण कुठला ते कळेना, म्हणून शेजारी शेजारी. मी होतो तिथं.’

तारिक म्हणाला, ‘मी वणीले जातो. त्या जमीरले धरतो.’ त्याचा आवाज फाटला होता. ‘तीस वर्ष मी... अम्मी, मी शाळेत सांगत होतो, माहा बाप मेला म्हणून. रागानं सांगत होतो. खोटं म्हणून सांगत होतो!’

‘बस खाली,’ आरिफा म्हणाली. ‘त्यानं पाठमोरा पाह्यला. तसंच सांगलं त्यानं.’

तिला जमीरचा राग येत नव्हता. राग जिथून येतो ती जागाच सापडत नव्हती. इतकी वर्षं तिथं सगळं नीट लावून ठेवलेलं होतं, हात घातला की हाताला लागायचं: ती थंड खोली, त्या बांगड्या, त्या निळ्या कपड्यांतल्या मुली. आता तिनं हात घातला आणि पोकळी लागली. त्या बाईला शोधून पाहिलं. गालावरचा तीळ आला, पण गाल आला नाही. मुली कुठल्यातरी दारातून आत गेल्या आणि दारच राहिलं नाही. ती बाई कधी जेवली नव्हती, कधी निजली नव्हती, मुख्तारच्या उशाशी कधी बसली नव्हती, आणि तिला आयुष्यभर शिव्या देताना आपण एकट्याच या दुकानात बसून होतो. आरिफाला जे वाटलं त्याची तिला शरम वाटली. मुख्तारसाठी अजून काही हललं नव्हतं, आणि ती बाई गेली म्हणून वाईट वाटत होतं. जन्मभराची सोबत होती. भांडणाची का होईना.

मागच्या खोलीतून सासूनं हाक मारली. ‘कोण आलं वं? नेरवाले आले का?’ जोहराबीला आता दिसत नव्हतं, पण आवाजावरून माणूस बरोबर ओळखायची. कुणीही आलं की तिचा एक प्रश्न ठरलेला होता, दुबईकडं कुणाचं जाणं-येणं आहे का. सदाशिवराव उठायला लागले. ‘मी सांगतो म्हातारीले,’ ते म्हणाले. आरिफानं मान हलवली आणि स्वतः उठली. उठताना तिनं डबा उचलला. पहिल्यांदाच. वाटला त्याहून हलका होता.

जोहराबी बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, हातात जपाची माळ, तसबीह. आरिफा तिच्या पायाशी बसली. या दोघींनी एका घरात इतकी वर्षं काढली होती आणि मुख्तारविषयी त्या एकमेकींशी कधी एक सरळ वाक्य बोलल्या नव्हत्या. एक त्याची बाजू घ्यायची, दुसरी भांडी आपटायची. आरिफानं डबा तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीची बोटं त्याच्यावरून फिरली, शिंपल्यांवरून, चेपलेल्या बाजूवरून, मग काठाखाली. तिला वाचता येत नव्हतं. पण त्या अक्षरांचा खरखरीतपणा ओळखीचा असावा, कारण बोटं तिथं थांबली आणि तसबीह मांडीवरून सरकून खाली गेली.

‘अम्मा,’ आरिफा म्हणाली. ‘ते दुबईले पोचलेच नाही. बोट बुडाली. तवाच.’ ‘तुमचा ल्योक’ म्हणाली नाही, ‘तो माणूस’ म्हणाली नाही. ते. लग्नानंतरचे पहिले काही महिने ती त्याला तसं म्हणत असे. शब्द जिभेवर परका लागला.

म्हातारीचे आंधळे डोळे भिंतीवर एका जागी लागले होते. मग तिनं विचारलं, ‘पोहला असंल ना? माहं लेकरू पोहण्यात पक्कं होतं.’

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. आरिफाला वाटलं की आपल्या हातात अजून ती कडी आहे, आणि तिनं ती घट्ट धरली.

‘हो अम्मा,’ ती म्हणाली. ‘लय पोहले. थकले मंग.’

जोहराबीनं मान हलवली, जसं एखादं काम नीट पार पडल्यावर हलवतात. मग तिनं हात पुढं करून चाचपत आरिफाचं डोकं शोधलं आणि पदर पुढं ओढून दिला.

बातमी गल्लीत कशी गेली कुणास ठाऊक. तारिकनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यावरून गेली असेल. दुपार कलायच्या आत बायका यायला लागल्या. आधी गल्लीतल्या दोघी-तिघी, मग मशिदीमागच्या, मग ज्यांनी कधी काळी पाठीमागं कुजबुज केली होती त्याही, हळूच येऊन चटईच्या कडेला बसलेल्या. काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. मय्यत नव्हती. रडायचं तर कशाकडं बघून. नुजहतनं दबकत एका म्हातारीला इद्दतीचं, नवरा गेल्यावर बाईनं घरात बसून काढायच्या दिवसांचं, विचारलं, ती म्हणाली, आता कायची इद्दत, ते सारं होऊन गेलं. होऊन गेलं हा शब्द खोलीत राहिला. आरिफा भिंतीशी बसली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि त्याची तिला लाज वाटत होती. लोक बघत होते. आयुष दारात उभा होता. निरोप घ्यायला आत आला आणि हात जोडून गेला.

मग शेजारची हंसाबाई आली, बाजारातूनच, हातातली थैली तशीच. तिला अर्धवटच काहीतरी कळलं होतं. ती आरिफापुढं बसली, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि जे कुणाच्याही घरी बसायला गेल्यावर आधी विचारतात तेच विचारलं.

‘कवा झालं वं, बाई?’

आरिफानं तोंड उघडलं. साल सांगायचं होतं, ईद सांगायची होती, तारिक पोटात होता हे सांगायचं होतं. श्वास आत गेला आणि तिथंच अडकला, आणि मग सगळा एकदम बाहेर आला.

‘आज,’ ती म्हणाली. ‘आज सकाळी, हंसाबाई. आत्ता.’

आणि ती रडायला लागली, आणि तिला कुणी दुरुस्त केलं नाही.